सपाट केलेलं रान

वरच्या मजल्यावरच्या फातिमाबींच्या कुकरचा व्हॉल्व्ह उडाला तेव्हा शांतलिंग दाढी करत होता. आधी दणका झाला, मग सुसाट सुटलेल्या वाफेचा आवाज, आणि त्यापुढचं त्याला काहीच आठवेना. भानावर आला तेव्हा तो अपार्टमेंटच्या गेटाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली उभा होता. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, पाय अनवाणी, अर्ध्या गालावर साबण. आणि दिसेल त्या माणसाकडं बोट करून तो मोजत होता. दूधवाला एक. इस्त्रीवाला दोन. तळमजल्यावरचे पेन्शनर गुरुजी तीन. वॉचमन जवळ येऊन म्हणाला, "काय झालं सायेब?" तेव्हा शांतलिंगनं त्याच्या छातीकडं बोट केलं आणि म्हणाला, "चार." वॉचमन हसला नाही, जरा मागं सरकला. वर गॅलरीतून फातिमाबी ओरडत होत्या, "काय न्हाय हो भाऊ, कुकर उडाला! डाळ समदी छताला चिकटली!" मग गुरुजी हसले, इस्त्रीवाला हसला. शांतलिंगनंही हसल्यासारखं केलं. धाराशिवची सकाळ होती, साडेआठ वाजले होते, उन्हाला आत्ताशी धार येत होती आणि सिमेंटच्या रस्त्यावरची खडी त्याच्या तळव्यांना टोचत होती.

जिना चढून वर आला तर शिवकन्या दारात उभी होती, हातात त्याच्या चपला. पायाला काही लागलंय का ते तिनं वाकून बघितलं. मग आत जाता जाता, रागानं नाही, सहज बोलावं तसं म्हणाली, "मला हाक तरी मारायची."

तो उरलेली दाढी करायला आरशासमोर उभा राहिला. हाक मारायची नसते, असं तो तिला सांगू शकला असता. भोंगा झाला की कुणाला शोधत बसायचं नाही, वस्तू गोळा करायच्या नाहीत, सरळ ठरलेल्या जागी जमायचं आणि तिथं शिरगणती करायची. माणूस कमी भरला तरच शोध. तेलाच्या नि वायूच्या विहिरी खणणाऱ्या रिगांवर सुरक्षा अधिकारी म्हणून सत्तावीस वर्षं तो हेच शिकवत आला होता. आसामच्या चहाच्या मळ्यांत, समुद्रातल्या लोखंडी फलाटांवर, राजस्थानच्या वाळूत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, एकदा तर नुसत्या हातवाऱ्यांनी. तेव्हा त्याचं चुकलं असं काही नव्हतं. पण खाली झाडाखाली चार मोजून झाल्यावर पाचवं कुणी यायचं राहिलंय, असं त्याच्या मनात आलंच नव्हतं. शिवकन्या कमी भरली नव्हती. ती यादीतच नव्हती. ब्लेड गालावरून फिरवताना हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं. आजारपणात येतो तसला थकवा नव्हता हा. पुष्कळ दिवस उचलून धरलेली वस्तू खाली ठेवायला जागाच सापडू नये, तसा काहीतरी.

आपल्या जिल्ह्यात बदली मिळाली तेव्हा त्याला वाटलं होतं, आता संपलं. गाव लोहारा. तिथून अठराव्या वर्षी बाहेर पडला तो थेट सत्तावन्नाव्या वर्षी परत येत होता. भूमच्या अलीकडं, बालाघाटाच्या उघड्या माळावर, काळ्या कातळाच्या खाली दोन-अडीच किलोमीटरवर जुन्या समुद्राचा गाळ असेल आणि गाळात वायू असेल, असं कुणा भूशास्त्रज्ञाच्या मनात आलं. कंपनीनं दोन विहिरी खणायच्या ठरवल्या. पहिली कोरडी निघाली. दुसरीत थोडा वास आला, दोन दिवस सगळे हरखले, मग तीही कोरडी निघाली. दोन्ही तळापासून तोंडापर्यंत सिमेंटनं बुजवल्या. रिग सुटी होऊन ट्रकांवर चढून निघून गेली. राहिली नुसती जमीन, जशी घेतली तशी परत करायची. तेवढं झालं की चार महिन्यांनी निवृत्ती, लोहाऱ्यात घर, मागं तुरीचं रान. दुधात भाकरी कुस्करून खायची आणि कुठलाही भोंगा न ऐकता दुपारी झोपायचं. हे त्यानं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्यातली चव गेली होती.

फोन वाजला. पुण्याहून कृष्णराज होता. वयानं वीस वर्षांनी लहान, हुद्द्यानं दोन पायऱ्या वर. बोलायला गोड.

"सर, गुरुवारी पाहणी समिती येतेय. खड्डा क्रमांक दोनचा हस्तांतरणाचा कागद तेवढा राहिलाय. आज जाऊन सही करून टाका ना. सगळं झालंय तिथं, फोटो बघितले मी. सुंदर झालंय."

"मी बघून येतो," शांतलिंग म्हणाला.

"बघाच की. पण सही आजच करा."

बघून येतो असं आपण का म्हणालो, ते त्यालाही नीट कळलं नाही. गेल्या महिन्यात तो मुंबईत होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं, ज्ञान ताजं करायला. वातानुकूलित खोलीत तो पडद्यावरची चित्रं बघत बसला होता, आणि तेवढ्यात इकडं दुसऱ्या विहिरीशेजारचा, वापरलेला चिखल साठवायचा खड्डा बुजून सपाट झाला होता. या दोन गोष्टी त्यानं आजवर शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. जीपमध्ये बसताना बघितल्या. शिवकन्येनं डबा दिला. ती आणखी काही बोलेल असं त्याला वाटलं, पण ती आत वळली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली निम्मी त्यानं कुठल्या ना कुठल्या विहिरीच्या काठावर काढली होती. न बोलण्याची तिला सवय होती.

ड्रायव्हर रामलिंगनं येरमाळ्यापर्यंत जीप कुठं थांबवली नाही. हायवेला ढाब्यांच्या पाट्या मागं पळत होत्या. येडेश्वरीच्या डोंगराकडं जाणाऱ्या फाट्यावर नारळ-हळदीची दुकानं उघडत होती. शांतलिंगनं काच खाली केली. काढणी झालेल्या ज्वारीच्या धाटांचा कोरडा, गोडसर वास आत आला आणि त्या वासाला धरून, कुठलाही संबंध नसताना, अक्रम आला. तो असाच यायचा. बोलवावं लागायचं नाही.

अक्रम परंड्याचा. अकरा वर्षांपूर्वी पूर्व किनाऱ्यावर, भातखाचरांच्या मधोमध एका रिगवर तो चाळणीवर कामाला होता. विहीर खणताना नळांतून जड चिखल आत सोडतात. त्याला सगळे मड म्हणतात. तो मड दगडाचा चुरा घेऊन वर येतो आणि हलत्या चाळणीवर पडतो. खालून वायू येणार असेल तर तो सगळ्यांत आधी तिथं कळतो, म्हणून चाळणीच्या डोक्यावर वायू हुंगणारं यंत्र असतं. खाडीकाठच्या दमट हवेनं ते यंत्र बिघडलं. काही नसताना भोंगा करायला लागलं, तासाला तीनदा, चारदा. माणसं काम टाकून पळायची, मोजली जायची, परत यायची. सगळ्या रिगवर दोघंच मराठी बोलणारे. अक्रम त्याला म्हणाला, "सायेब, ह्ये येड्यावानी बोंबलतंय. पोरं आता पळंनात बी." ते खरं होतं. खोट्या भोंग्यानं माणसं बहिरी होतात, तो धोका मोठा. म्हणून शांतलिंगनं यंत्र बंद ठेवायच्या परवानगीवर सही केली. परवानगी बारा तासांची, नवं यंत्र येईपर्यंत. खाली त्यानं स्वतःच्या अक्षरात अट लिहिली होती, तोवर हातातलं मीटर घेऊन एक माणूस चाळणीवर सतत उभा राहील. पहिली पाळी माणूस उभा राहिला. दुसरी पाळीही राहिला. नवं यंत्र आलं नाही. शांतलिंगनं मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. पाच सह्या झाल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत मीटर चार्जिंगला लावलेलं होतं आणि उभा राहायचा माणूस म्हणजे अक्रमच होता. चाळणीही त्याचीच, मग निराळा माणूस कशाला. दुपारी चारच्या सुमाराला खालून वायू आला, तोही विषारी. त्याला आधी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच मरतं, वास थांबतो, आणि माणसाला वाटतं, गेला. अक्रमलाही तसंच वाटलं असणार. विहीर वेळेत बंद झाली, आग लागली नाही, खाडीत थेंब सांडला नाही. झाडाखाली मोजलं तर एकसष्टांपैकी साठ भरले.

चौकशी झाली. पाचही परवानग्या बारकाईनं तपासल्या. मुदत बरोबर, सह्या बरोबर, अट लिहिलेली. कागद बरोबर होते. माणसं शिस्तीनं बाहेर काढल्याबद्दल त्याच्या नावानं एक पत्रही आलं. ते लोहाऱ्याच्या घरी ट्रंकेत आहे. मयत घेऊन तोच परंड्याला आला होता. अक्रमची बायको मिनाज भिंतीला टेकून बसली होती. रडून झालेलं होतं. तिनं एकच विचारलं, "भोंगा वाजला न्हवता का, भाऊ?"

"वाजला होता," तो म्हणाला होता. वाजला होताच. अक्रम पडल्याचं कुणीतरी लांबून बघितल्यावर, हातानं बटण दाबल्यावर वाजला होता. एवढं तो बोलला नाही. तिनं मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दलचा थोडा राग आला, भोंगा वाजून पळाला नाही म्हणून. तो राग शांतलिंगनं बघितला. तो तिथून उठला, एस.टी.त बसला आणि त्यानंतर अकरा वर्षं त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. शिवकन्येलाही नाही.

"सायेब, आलं," रामलिंग म्हणाला.

रान खरंच सुंदर झालं होतं. चाळीस मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, तीन मीटर खोल असा तो खड्डा त्याच्या देखत खणला गेला होता. आत जाड काळं प्लास्टिक अंथरलं होतं, म्हणजे मड जमिनीत मुरू नये. आता तिथं काळीभोर माती पसरली होती आणि तिच्यावर मशिनच्या पात्याच्या सरळ रेघा होत्या, पेरणीला तयार असल्यासारख्या. कडेला नागूबाईची मेंढरं उभी होती. जमीन तिची. नवरा गोरोबा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी भूमला दिलेली. पासष्टीची बाई एकटी शंभरेक मेंढरं आणि हे सहा एकर सांभाळून होती. दीड वर्षं रिगचा आवाज तिनं सोसला होता. रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विचारायची, "आज तरी गवसलं का काय?" आणि नाही म्हटलं की हसायची.

"झाली का सही, सायेब?" तिनं लांबूनच विचारलं. "तुमची सही झाली की मेंढरं बसविते. दोन वरीस खत न्हाय ह्या रानाला. आन् हितंच आड घ्यावा म्हनते. येवढं उकरल्यालं हाय, सैल लागंल."

"बघतो," तो म्हणाला, आणि फिरून बघायला लागला. पाच-दहा पावलांतच तो थांबला. खड्ड्याच्या उत्तरेला मुरमाचा ढीग होता. खड्डा खणताना निघालेला मुरूम तो. ढीग तसाच होता. जरा खचलेला, वर दोन-चार ठिकाणी गवत आलेलं, पण तसाच. खड्डा रिकामा करून भरला असता तर हा सगळा मुरूम त्यातच परत गेला असता. मुरूम उरला होता, म्हणजे खड्डा आधीच भरलेला होता. इतकी साधी गोष्ट कुणाच्याही लक्षात आली असती. फोटोत ढीग येऊ दिलेला नसणार.

या क्षणी परत जीपमध्ये बसता आलं असतं. त्यानं तसा विचार केलाही, आणि तो विचार करताना त्याला स्वतःची लाज वाटली नाही, एवढा तो शिणला होता. वर माती चांगली फूट-दोन फूट असणार. ज्वारी तेवढ्यावरही येईल. समिती येईल, चहा घेईल, जाईल. आणि कागद बरोबर असतील. हे शब्द मनात आले आणि मग त्याला जीपकडं वळता येईना.

"नागूबाई, टिकाव आहे का?"

तिनं खोपटातून टिकाव आणि खोरं आणलं. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि रानाच्या मध्यावर उभा राहून पहिला घाव घातला. लहानपणी लोहाऱ्यात खणलं असेल तेवढंच, त्यानंतर त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना खणायच्या परवानग्या दिल्या होत्या. दहाव्या घावाला दम लागला. नागूबाईनं थोडा वेळ बघितलं, मग त्याच्या हातातनं टिकाव काढून घेतला. "सरा. तुमचं काम न्हाय ते." ती खणायची, तो खोऱ्यानं माती ओढायचा. गुडघाभर खोलीवर काळी माती संपली आणि टिकाव भच्च आवाज करून रुतला. वर ओढला तर पात्याला करडा लगदा चिकटून आला. डिझेलचा वास आला. मधे एकदा नळ खाली अडकला होता, तेव्हा डिझेल मिसळलेला मड सोडला होता, त्याच्याच सहीनं. तो मड टँकरांत भरून ठरलेल्या जागी न्यायचा होता, मग प्लास्टिक काढून न्यायचं होतं, मग माती. लगद्यात प्लास्टिकची एक फाटकी कड वर आली होती. वरून मशीन फिरलं तेव्हा फाटलं असणार.

"ह्ये काय?" नागूबाईनं विचारलं.

"हे इथून न्यायला पाहिजे होतं."

"न्हेलं की. टँकर आले व्हते. दोन दीस आले, मंग यायचे थांबले. मंग मशीन आलं आन् एका दुपारी समदं सपाट."

"नेलं नाही सगळं. हे खाली तसंच आहे. इथं आड घेऊ नका नागूबाई. मेंढरंही बसवू नका, पावसाळ्यात हे वर येईल. तुमच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनाही सांगा."

ती टिकावावर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. तिला राग यायला जरा वेळ लागला. "दीड वरीस तुमी हितंच व्हता," ती म्हणाली. "टोपी घालून फिरत व्हता. ह्याला हात लावू नगं, त्याला हात लावू नगं. माझ्या मेंढराला बी कुंपनाच्या आत येऊ दिलं न्हाय. मंग तुमी हितं करीत काय व्हता, सायेब?"

मी मुंबईला होतो, हे उत्तर नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि ती बोलत राहिली. तिच्या बोलण्यानं त्याला थोडं बरं वाटत होतं. अकरा वर्षांपूर्वी परंड्याला कुणीतरी असं बोलायला हवं होतं.

खड्ड्यापाशी फोनला रेंज नव्हती. तो मुरमाच्या ढिगावर चढला. धाप लागलेली तशीच होती.

"सर, वर दोन फूट माती आहे ना?" सगळं ऐकून घेऊन कृष्णराज शांतपणे म्हणाला. "मग झालं की. नियम मलाही पाठ आहेत. टँकरवाला मधेच थांबला, समितीची तारीख पडली. विहीर कोरडी निघालीय सर, आता वरचे यावर एक दिवस वाढवून देत नाहीत."

"मी सही करणार नाही."

"नका करू." आवाज जराही चढला नाही. "जबरदस्ती नाही. उद्या मी प्रतीक्षाला पाठवतो."

फोन बंद झाल्यावरही शांतलिंग ढिगावरच उभा राहिला. प्रतीक्षा गेल्या वर्षी लागली होती, तुळजापूरची मुलगी. त्यानंच तिला तयार केलं होतं. प्रश्न फार विचारायची, वहीत सगळं लिहून घ्यायची. तिच्या नावावर अजून एकही कागद नव्हता. हा पहिला असणार. सर नाही करत म्हणाले तर माझ्याकडं का आला, असं ती विचारील. मग कृष्णराज गोड बोलून समजावेल, आणि मग ती करेल. पहिली सही झाली की दुसरीला काही वाटत नाही, हे शांतलिंगला माहीत होतं. पाचवीला तर तो जांभई देत होता.

खाली उतरून त्यानं जीपच्या बॉनेटवर फाईल उघडली. रामलिंगला मोबाइलवर फोटो काढायला लावले, उघडा खड्डा, टिकावाचं पातं, मागं मुरमाचा ढीग. मग हस्तांतरणाच्या कागदावर, सहीच्या जागी, त्यानं लिहिलं, 'काम अपूर्ण. खड्डा रिकामा केलेला नाही. आज समक्ष खणून पाहिले.' लिहिताना अक्षर नेहमीसारखंच आलं याचं त्याला नवल वाटलं. तारीख, वेळ. आणि मग त्याची नजर खालच्या रकान्यावर गेली. जमीनमालकास जमीन पूर्ववत मिळाली, तक्रार नाही. त्यापुढं निळ्या शाईतला अंगठा, ठसठशीत, कुठंही न फिसकटलेला. शेजारी नाव टाईप केलेलं, नागूबाई गोरोबा शिंगाडे.

"नागूबाई, हा अंगठा कधी दिलात तुम्ही?"

ती जवळ आली. हात पदराला पुसले. कागदाकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं, मग पुन्हा कागदाकडं.

"ह्यो माजा न्हाय," ती म्हणाली. "म्या कशाला आंगठा दिऊ? मला सही येती."

"सही येते?"

"व्हय. साक्षरतेच्या वर्गात शिकले की. मास्तरीण येत व्हती गावात, चार म्हैने. गोरोबा हसायचे." तिनं हात पुढं केला. "पेन द्या."

त्यानं पेन दिला. कागदाला वारा लागत होता म्हणून तळहातानं तो दाबून धरला. बॉनेट तापलं होतं. नागूबाईनं पेन मुठीत धरला, टिकाव धरतात तसा, आणि त्याच्या ओळीच्या खाली 'ना' काढला. थांबली. दुसरं अक्षर काढताना उकार उलटा गेला, तिनं जीभ चावली, पुन्हा काढला. रामलिंग जीपमध्ये बसून चुळबुळ करत होता. शांतलिंगनं त्याला हातानंच थांब म्हटलं. आपल्या आयुष्यात त्यानं हजारो सह्या केल्या होत्या आणि हजारो बघितल्या होत्या, पण एक सही व्हायला इतका वेळ लागलेला त्यानं कधी बघितला नव्हता. सही पुरी झाल्यावर तिनं एकदा बोट ठेवून वाचून बघितली. मग म्हणाली, "आता त्यो आंगठा खोडा." त्यानं खोडला नाही. त्याच्याभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, 'हा ठसा आपला नाही, असे जमीनमालक सांगतात.'

त्या संध्याकाळी त्यानं सगळं कंपनीच्या मुख्य कचेरीला पाठवलं, प्रत प्रदूषण खात्याला. मग प्रतीक्षाला फोन केला. लांबण लावली नाही. "उद्या तुला पाठवतील. जाताना टिकाव घेऊन जा," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "सर, कृष्णराजसरांचा मघाशीच फोन येऊन गेला. मी विचारलं, सही का अडली?" दुसऱ्या दिवशी ती गेली, बघून आली, सही केली नाही. गुरुवारची समिती आली नाही. पत्रं सुरू झाली. शांतलिंगची रजा बरीच शिल्लक आहे आणि ती त्यानं निवृत्तीपूर्वी भोगून घ्यावी, असं एक पत्र त्यालाही आलं. त्यात कुठंही रागाचा शब्द नव्हता. कागद बरोबर होता.

अक्रमचं त्यानं शिवकन्येला सांगितलं. भाजी निवडत ती समोर बसली होती, आणि तो पाचही सह्या एकेक करून सांगत गेला, कुठल्या दिवशी, किती वाजता. संपल्यावर म्हणाली, "मिनाजला ठाऊक आहे का हे?"

"नाही."

"तिला वाटत असेल, तोच हटून थांबला."

"हो."

"मग सांगायला पाहिजे," ती म्हणाली आणि भाजी धुवायला उठली. परंड्याला तो अजून गेलेला नाही. दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन आला. जाईल, असं त्याला वाटतं. शिवकन्या म्हणाली आहे, मीही येते.

साडेसात आठवडे गेले. ऊन चढलं. रिकाम्या दिवसांत काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यावरच्या माणसांकडं बघायचा. एका सकाळी फोन आला, अनोळखी नंबर. पलीकडं इंजिनाची घरघर आणि त्यातून नागूबाईचा चढा आवाज.

"सायेब, आले! टँकर आल्यात तीन. मशीन बी आलंय. उकराय लागले." ती दम घ्यायला थांबली. "तुमी येताय का?"

त्याला जावंसं वाटलं, आणि जायची ताकद नाही असंही वाटलं. "मला आता तिथं उभं राहू देणार नाहीत," तो म्हणाला. "तुम्हीच बघा. सगळा लगदा निघाला पाहिजे. मग काळं प्लास्टिक दिसेल, तेही निघालं पाहिजे. खालचा मुरूम कोरडा दिसेपर्यंत माती टाकू देऊ नका. तोवर तिथनं हलू नका."

"हलतीय कशाला," ती म्हणाली. "रान माजं हाय."

मग ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागली. फोन बंद करायचा ती विसरली होती, किंवा तिला तो बंद करता येत नव्हता. मशिनचं पातं दगडाला घासल्याचा आवाज आला, मेंढरांचा आला, मग तिचा, लांबून, ड्रायव्हरवर ओरडताना, "ए, थांब! थांब म्हनते ना! त्या कोपऱ्यात अजून काळं हाय, दिसंना व्हय तुला?" मशीन थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. शांतलिंग फोन कानाला लावून गॅलरीत बसून राहिला. शिवकन्या आतून येऊन बघून गेली, जाताना तिनं चहाचा कप त्याच्या शेजारी ठेवला. त्यानंही फोन बंद केला नाही.